आठवा आला तरी पहिला : डॉनिंग्टनच्या ट्रॅकवरची गटांची गोष्ट

 

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. बीस्टनमध्ये राहणारे आपले एक श्रोते मुलाला घेऊन डॉनिंग्टन पार्कला ब्रिटिश जीटीची शर्यत बघायला गेले होते. घरी येताना मुलानं विचारलं, “बाबा, तो आठवा आला, मग त्याला पहिला नंबर का दिला?” बाबांना काही उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी ते आपल्यावर सोपवलं. मी म्हटलं, दोन मिनिटांत सांगून टाकू. शोधायला बसल्यावर लक्षात आलं की या एका प्रश्नात पन्नासेक वर्षांचा इतिहास दडलाय. त्यात मोठमोठ्या कंपन्यांची भांडणं आहेत, छोट्या संघांची वाताहत आहे, आणि आपल्या पुण्या-मुंबईचाही एक धागा आहे. तेव्हा चहा घ्या आणि बसा निवांत.

आधी मुलाला उत्तर देऊ. त्या शर्यतीत एकाच ट्रॅकवर एकाच वेळी दोन गट धावतात. जीटी३ नावाच्या गाड्या जास्त ताकदीच्या, जास्त महागड्या. जीटी४ त्यांच्यापेक्षा साध्या, रस्त्यावरच्या गाडीला जवळच्या. जीटी४ची गाडी जीटी३ला हरवू शकत नाही, आणि तिच्याकडून कुणाची तशी अपेक्षाही नसते. तिची लढत आपल्या गटातल्या गाड्यांशी. त्यामुळे सगळ्यांत मिळून ती आठवी, बारावी, विसावी असली, तरी गटात पहिली आली की व्यासपीठावर चढते.

आपल्याला हे नवीन असायचं कारण नाही, कुस्तीत आपण तेच बघत आलोय. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला आले, ते फ्लायवेट गटात खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत उतरले आणि कांस्यपदक घेऊन कराडजवळच्या गोळेश्वरला परतले. माणूस तोच, गट वेगळा. पैलवानाची ताकद किती, हा प्रश्न असतोच. पण तो कुठल्या वजनात उतरतो, हाही तितकाच मोठा प्रश्न असतो. पैशाचा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. हेलसिंकीच्या वारीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे मोटारींच्या दुनियेतही घरं गहाण टाकायची वेळ येईल अशीच माणसं भेटणार आहेत.

आता डॉनिंग्टनविषयी थोडं. नॉटिंगहॅमच्या मध्यापासून वीसेक किलोमीटर. नकाशात ते लेस्टरशायरमध्ये येतं, पण आपण नॉटिंगहॅमकर त्याला आपलंच मानतो. ईस्ट मिडलंड्स विमानतळ अगदी शेजारी. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी भारतातून आलेल्या आईवडिलांना तिथून आणलं असेल आणि कुंपणापलीकडून येणारी घरघर विमानाची समजून सोडून दिली असेल. १९३१ साली तिथे मोटरसायकलच्या शर्यती सुरू झाल्या. त्यामागची धडपड फ्रेड क्रेनर यांची. ट्रॅकवरच्या उतारावरच्या वळणांना आजही त्यांचं नाव आहे. १९३७ आणि १९३८ साली जर्मनीच्या मर्सिडीज आणि ऑटो युनियन इथे ग्रांप्री जिंकायला आल्या. १९३९ साली युद्ध पेटलं, लष्करानं जागा ताब्यात घेतली आणि तिथे लष्करी वाहनांचा डेपो झाला. पुढे १९७१ साली टॉम व्हीटक्रॉफ्ट नावाच्या बांधकाम व्यावसायिकानं ती पडीक जागा विकत घेतली आणि १९७७ साली ट्रॅक पुन्हा सुरू केला.

याच ट्रॅकवर १९८९, १९९० आणि १९९२ या तीन वर्षी स्पोर्ट्सकारच्या जागतिक अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या. जगातले सगळ्यात मोठे कारखाने इथे, आपल्या अंगणात, भिडले. आणि त्या चार हंगामांत एक अख्खी स्पर्धा भरभराटीला येऊन मरूनही गेली. ती कशी मेली, ते आज सांगायचंय.

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत गाडी सहा तास, बारा तास, फ्रान्समधल्या ले मान्सला तर २४ तास धावते. चालक आलटून पालटून बसतात. नुसता वेग पुरत नाही. इंजिन टिकावं लागतं, ब्रेक टिकावे लागतात, माणसं टिकावी लागतात. १९८२ साली या शर्यतींसाठी एक नवा नियम आला. त्याचं नाव ग्रुप सी. त्यामागचा विचार मोठा सुंदर होता. कारखान्यांना सांगितलं गेलं, इंजिन तुम्हाला हवं ते लावा. लहान लावा, मोठं लावा, टर्बो लावा, नका लावू. आम्ही फक्त इंधन मोजून देऊ. टाकी १०० लिटरची, आणि १००० किलोमीटरच्या शर्यतीला ६०० लिटर. बस्स.

हिशोब करा. लिटरला साधारण १.७ किलोमीटर. आपल्या रोजच्या गाडीच्या मानानं हे हास्यास्पद आहे. पण ताशी ३०० किलोमीटरच्या वर धावणाऱ्या यंत्राला तेवढ्यात भागवणं म्हणजे सणाच्या घरात मोजक्या तेलात सगळा फराळ तळण्यासारखं. १९८५ पासून त्यातलेही १५ टक्के कापले आणि कोटा ५१० लिटरवर आला. शर्यतीच्या शेवटी पुढे असलेली गाडी इंधन संपून रडतखडत थांबली, असंही व्हायचं. ज्याचा पाय संयमी आणि ज्याचा इंजिनिअर हुशार, तो पुढे.

या एका नियमामुळे काय घडलं बघा. पोर्शेनं सपाट सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन लावलं आणि बॉशच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनं इंधनाचा थेंबन् थेंब मोजला. जॅग्वारनं टर्बोच्या वाटेला न जाता सात लिटरचं भलंमोठं व्ही१२ इंजिन बसवलं. मर्सिडीजनं पाच लिटरचं व्ही८ टर्बो निवडलं. माझदानं तर पिस्टनच नसलेलं रोटरी इंजिन आणलं. चार वेगळ्या वाटा, आणि चारही वाटांनी जिंकता येत होतं. ट्रॅकच्या कडेला डोळे मिटून उभं राहिलं, तरी कुठली गाडी गेली ते आवाजावरून कळायचं, असं जुने शौकीन अजून सांगतात.

पोर्शेनं आणखी एक शहाणपणा केला. आपल्या ९५६ आणि ९६२ या गाड्या खासगी संघांना विकल्या. म्हणजे कारखाना नसलेला माणूसही पैसे जमवून तीच गाडी घ्यायचा आणि कारखान्याच्या संघाला टक्कर द्यायचा. जर्मनीच्या राइनहोल्ड योस्ट यांच्या खासगी संघानं १९८४ आणि १९८५ अशी सलग दोन वर्षं ले मान्स जिंकली, आणि दोन्ही वर्षी गाडी एकच, अगदी तीच चासी. योस्ट हे नाव लक्षात असू द्या, ते परत येणार आहे.

पण पोर्शे विकत घेण्याइतकेही पैसे ज्याच्याकडे नाहीत, त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी १९८३ साली खालचा गट काढला, त्याला पुढच्या वर्षीपासून सी२ म्हणू लागले. वजन ७०० किलोपर्यंत चालेल, पण इंधन १००० किलोमीटरला फक्त ३३० लिटर. या गटाचे खरे राजे म्हणजे गॉर्डन स्पाइस आणि त्यांचा संघ. आडनाव मसाल्याचं असलं, तरी धंदा मोटारीच्या सुट्या भागांचा. त्यांचा जोडीदार रे बेल्म हा व्यावसायिक. गॅरेजवजा कारखाना, विकत आणलेलं कॉसवर्थ इंजिन, आणि स्वतः घडवलेली गाडी. १९८७ साली ले मान्सला त्यांच्या सी२ गाडीनं आपला गट तर जिंकलाच, शिवाय सगळ्यांत मिळून सहावा क्रमांक काढला. मोठ्या गटातल्या कितीतरी बलाढ्य गाड्या धूर सोडत बाजूला उभ्या राहिल्या आणि ही छोटी गाडी पुढे निघून गेली.

थोडक्यात, त्या काळी प्रत्येकासमोर तीन दारं होती. कारखाना असाल तर स्वतःची गाडी बनवा. पैसेवाले असाल तर पोर्शे विकत घ्या. हौस मोठी आणि खिसा लहान असेल तर सी२मध्ये या. तिन्ही दारांतून आत येणाऱ्याला मान होता, आणि म्हणून मैदान भरलेलं होतं.

सप्टेंबर १९८९. डॉनिंग्टनला ४८० किलोमीटरची शर्यत भरली, तेव्हा हे सगळे हजर होते. सॉबर-मर्सिडीजच्या चंदेरी गाड्या जिंकल्या. पन्नास वर्षांनी याच ट्रॅकवर पुन्हा चंदेरी मर्सिडीज धावताना बघून, युद्धाआधीची ग्रांप्री पाहिलेल्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करा. १९९० साली परत मर्सिडीजच. जॅग्वारनं तोवर १९८८ आणि १९९० अशी दोनदा ले मान्स जिंकली होती, आणि कॉव्हेंट्रीपासून आपल्यापर्यंत अख्ख्या मिडलंड्सची छाती फुगली होती.

पण वरच्या मजल्यावर वेगळंच शिजत होतं. मोटारशर्यतींचं जागतिक नियमन करणाऱ्यांनी ठरवलं की ग्रुप सीचे दिवस संपले. आता सगळ्यांनी साडेतीन लिटरचं, बिनटर्बोचं इंजिन लावायचं, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये असतं अगदी तसं. गाडीचं वजन ७५० किलो. इंधनाचं मोजमाप बंद. आणि सी२ गट? १९८९चा हंगाम संपला की बंद. त्या शेवटच्या हंगामात सी२चं अजिंक्यपद चेंबरलेन इंजिनिअरिंग या इंग्लिश खासगी संघानं जिंकलं. जिंकले, आणि गटच उरला नाही.

सांगताना कारण चांगलं दिलं गेलं. फॉर्म्युला वन आणि स्पोर्ट्सकार दोघांचं इंजिन एकच झालं, तर कारखान्यांचा खर्च वाचेल, नवे कारखाने येतील. कागदावर पटण्यासारखं होतं. पण बघणाऱ्यांतल्या अनेकांनी तेव्हाच म्हटलं, आणि आजही म्हणतात, की यामागे कारखान्यांना फॉर्म्युला वनकडे ओढायचा डाव होता. डाव असो वा नसो, झालं मात्र तसंच. कारखान्यांच्या हातात आता फॉर्म्युला वनला चालणारं इंजिन होतं. मग ते कमी लोक बघतात त्या शर्यतीत कशाला जाळायचं?

१९९१ साली जुन्या गाड्यांना अजून परवानगी होती, पण शिक्षेसकट. वजन १००० किलो भरायचं आणि रांगेत नव्या गाड्यांच्या मागे उभं राहायचं. इथे माझदानं कमाल केली. त्यांच्या रोटरी इंजिनाच्या गाडीला नियमात ८३० किलोची मुभा मिळाली. मर्सिडीज आणि जॅग्वार १००० किलो घेऊन धावत होत्या, माझदा १७० किलोनं हलकी. इतरांनी त्याकडे दुर्लक्ष केलं, कारण माझदा जिंकेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. २४ तासांनी ३६२ फेऱ्या पूर्ण करून माझदा ७८७बी पहिली आली आणि तिच्या मागे तीन जॅग्वार ओळीनं. जपानी कंपनीनं ले मान्स जिंकण्याची ती पहिलीच वेळ. ती शर्यत ट्रॅकवर जिंकली हे खरंच आहे. पण तिची सुरुवात नियमाच्या पुस्तकातली एक ओळ नीट वाचण्यापासून झाली होती. आणि पुढच्या वर्षी साडेतीन लिटरच्या नियमात रोटरीला जागाच राहिली नाही.

१९९१ संपताच मर्सिडीज आणि जॅग्वार दोघांनीही रामराम ठोकला.

आणि मग उजाडला जुलै १९९२. डॉनिंग्टनला जागतिक अजिंक्यपदाची ५०० किलोमीटरची शर्यत. तीन वर्षांपूर्वी जिथे गाड्यांची लांबच लांब रांग होती, तिथे आता डझनभराच्या आसपास गाड्या. प्युजो, टोयोटा, माझदा आणि मूठभर खासगी संघ. त्यांच्यासाठी सी२च्या जागी एक ‘कप’ ठेवला होता, म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीशेजारी मांडलेलं लहान पान. सी२ गमावलेला चेंबरलेनचा संघ त्यातही धडपडत होता. प्युजो जिंकली. उत्तम गाडी होती, यात वाद नाही. पण लढत कुणाशी? ले मान्सलाही त्या वर्षी फक्त २८ गाड्या सुरुवातीला उभ्या होत्या. १९९३ साठी पुरेसे संघच नोंदले गेले नाहीत आणि स्पर्धा रद्द झाली. १९५३ पासून या ना त्या नावानं चालत आलेलं जागतिक अजिंक्यपद बंद पडलं. डॉनिंग्टननं त्याची ब्रिटनमधली शेवटची शर्यत पाहिली.

कारखान्यांचं काही बिघडलं नाही. सॉबर फॉर्म्युला वनमध्ये गेला, मर्सिडीज त्याच्या पाठोपाठ, प्युजोनंही तिकडे इंजिन दिलं. बिघडलं ते छोट्यांचं. मोठा गट बदलतो तेव्हा मोठ्या कंपनीच्या वार्षिक हिशोबातली एक ओळ बदलते. खालचा गट बंद होतो तेव्हा पाच-दहा माणसांची वर्कशॉपं बंद होतात, आणि विकत घेतलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण ती धावायला जागाच उरलेली नसते. ‘खर्च वाचवण्यासाठी’ केलेल्या नियमानं ज्यांना खर्च परवडत नव्हता त्यांनाच आधी संपवलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोचणारं वाटतं.

याच शर्यतीतली एक गंमत मात्र सांगायलाच हवी. १९९२ साली डॉनिंग्टनला धावलेली माझदा मुळात माझदा नव्हतीच. १९९१ साली जॅग्वारसाठी रॉस ब्रॉन यांच्या हाताखाली एक गाडी तयार झाली होती, एक्सजेआर-१४. इतकी वेगवान की प्रतिस्पर्धी चक्रावले. जॅग्वारनं शर्यती सोडल्या, तेव्हा त्याच घडणीच्या गाडीत जड नावाच्या इंग्लिश कंपनीचं इंजिन बसवून माझदानं ती आपल्या नावानं उतरवली. गोष्ट इथे संपत नाही. एक उरलेली जॅग्वार चासी घेऊन तिचं छत कापलं, पोर्शेचं इंजिन बसवलं, आणि नाव ठेवलं डब्ल्यूएससी-९५. पोर्शेनं मध्येच त्यातूनही अंग काढून घेतलं, गाडी तशीच पडून राहिली. मग आपले योस्ट पुढे आले आणि म्हणाले, मला द्या, मी धावडवतो. त्यांनी ती ले मान्सला नेली आणि १९९६ साली जिंकली. १९९७ साली तीच गाडी, परत जिंकली. एका संघानं एकाच चासीवर सलग दोनदा जिंकायची ही त्यांची दुसरी वेळ. एका कंपनीनं टाकलेलं, दुसरीनं अर्धवट सोडलेलं लेकरू तिसऱ्यानं सांभाळलं आणि ते अव्वल आलं.

अजिंक्यपद बंद पडल्यावर पोकळी कुणी भरली? परत छोट्यांनीच. १९९४ साली यूर्गन बार्थ, पॅट्रिक पीटर आणि स्टेफान रातेल या तिघांनी आपल्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन बीपीआर नावाची मालिका काढली. रस्त्यावरच्या स्पोर्ट्सकार घ्या, शर्यतीसाठी तयार करा आणि चार तास पळवा. आठवतो का सी२मधला रे बेल्म? त्यानं मॅक्लारेनच्या दारात धरणं धरलं की तुमच्या एफ१ या रस्त्यावरच्या गाडीची शर्यतीची आवृत्ती आम्हाला बनवून द्या. गॉर्डन मरे यांनी ती गाडी शर्यतीसाठी आखलेलीच नव्हती. पण गिऱ्हाईकांनी पिच्छा सोडला नाही, गाडी बनली, आणि १९९५ साली पहिल्याच प्रयत्नात तिनं ले मान्स जिंकली. त्याच वर्षी बीपीआरची शर्यत डॉनिंग्टनला भरली आणि ट्रॅकवर परत गर्दी झाली.

मग मोठ्यांनी गर्दी पाहिली आणि ते परत आले. १९९७ साली या मालिकेची एफआयए जीटी झाली. नियम असा की जी गाडी पळवाल तिच्या २५ गाड्या रस्त्यासाठी बनवा. उद्देश हा की शर्यत रस्त्यावरच्या गाडीचीच राहावी. मर्सिडीजनं आधी शर्यतीची गाडी बनवली आणि रस्त्याची नंतर: २० छताच्या, ६ उघड्या. म्हणजे वरातीनंतर लग्न! ले मान्सचा नियम तर आणखी सैल. टोयोटानं १९९८ साली रस्त्यासाठी एकच गाडी दाखवली. सामान ठेवायला जागा हवी अशी अट होती. टोयोटानं सांगितलं, रिकाम्या इंधनटाकीत एक सूटकेस मावते. ते ग्राह्य धरलं गेलं. हसायला येतं, पण परिणाम हसण्यासारखा नव्हता. मॅक्लारेन विकत घेऊन आलेले खासगी संघ एका हंगामात निकालात निघाले. १९९८ साली मर्सिडीजनं मालिकेतल्या दहाच्या दहा शर्यती जिंकल्या, डॉनिंग्टनची धरून. पुढच्या वर्षी वरचा गट रद्द झाला आणि खालच्या गटावर मालिका जगली.

तुम्हाला यात एक चाल दिसली असेल. छोटे मैदान तयार करतात, मोठे येतात, खर्च वाढतो, छोटे जातात, कंटाळून मोठेही जातात, मैदान ओस पडतं. मग परत छोटे. २०१० नंतर हेच पुन्हा झालं. वरच्या एलएमपी१ गटात हायब्रिड गाड्या आल्या. ऑडी, पोर्शे, टोयोटा यांनी अफाट खर्च केला. ऑडीनं २०१६ अखेर, पोर्शेनं २०१७ अखेर निरोप घेतला. टोयोटा जवळजवळ एकटीच उरली. दोन्ही जर्मन कंपन्या गेल्या कुठे? विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ईमध्ये.

आणि इथे आपला धागा येतो. फॉर्म्युला ई २०१४ साली सुरू झाली तेव्हा सगळ्या संघांचं ठाणं होतं आपलं डॉनिंग्टन पार्क. त्या उन्हाळ्यात पहिल्या चाचण्याही इथेच झाल्या. त्या संघांत एक होता मुंबईचा महिंद्रा. आधी मोटरसायकलच्या मोटो३ गटात उतरलेल्या या कंपनीनं, दीर्घ पल्ल्याच्या पेट्रोल गाड्यांच्या शर्यतीत पैसा ओतण्याऐवजी, नुकत्या जन्मलेल्या विजेच्या गटाची निवड केली. पहिल्या वर्षी सगळ्यांना गाडी सारखीच, त्यामुळे प्रवेशाचा खर्च आटोक्यात. जुन्या मैदानात शंभर वर्षं मुरलेल्यांशी झुंजण्यापेक्षा नव्या मैदानात पहिल्या दिवसापासून उभं राहावं, हा हिशोब. २०१७ साली बर्लिनमध्ये त्यांनी पहिली शर्यत जिंकली.

दुसरं उदाहरण तर अनेकांच्या घरातलंच. टाटा मोटर्सनं २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. पिंपरीत कामाला लागलेली आणि पुढे मिडलंड्समध्ये आलेली कितीतरी मराठी कुटुंबं हा कार्यक्रम ऐकतात. जॅग्वारच्या नावावर ले मान्सचे सात विजय आहेत: पाच १९५०च्या दशकातले आणि दोन आपण आत्ता पाहिलेले. सगळ्यांना वाटत होतं, जॅग्वार शर्यतीत परतेल तर ले मान्सलाच. २०१६ साली ती परतली, पण फॉर्म्युला ईमध्ये. जुन्या शौकिनांना वाईट वाटलं. पण कंपनीला पुढे ज्या गाड्या विकायच्या होत्या त्या विजेच्या. जॅग्वारच्या त्या संघाच्या नावात पुढे मुंबईच्या टीसीएसचं नाव आलं, आणि २०२३-२४च्या हंगामात त्यांनी संघांचं अजिंक्यपद मिळवलं. खाशाबांनी वजनी गट बदलला, तसाच हा गटबदल म्हणायचा.

भारतीय ले मान्सला मुळीच पोचले नाहीत असं मात्र नाही. चेन्नईचा करुण चंढोक २०१२ साली जेआरएम या इंग्लिश संघाकडून वरच्या गटात उतरला आणि सगळ्यांत मिळून सहावा आला. २४ तास पूर्ण करणारा तो पहिला भारतीय.

आज काय स्थिती आहे? नियम करणाऱ्यांनी या वेळी थोडं शहाणपण दाखवलं असं म्हणता येईल. २०२१ पासून वरचा गट हायपरकार. त्यात दोन वाटा: सगळी गाडी स्वतः बनवा, नाहीतर ठरलेल्या चार कंपन्यांपैकी एकीकडून चासी आणि सगळ्यांना सारखा असलेला हायब्रिड संच घ्या, आणि इंजिन तुमचं लावा. शिवाय ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ आहे. म्हणजे जी गाडी फार पुढे जाते तिचं वजन वाढवायचं किंवा ताकद कमी करायची. हे सगळ्यांना पटत नाही. “हुशार मुलाचे मार्क कापून सगळ्यांना सारखे करायचे का?” असा आक्षेप आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण मैदान भरलं, हे खरं. फेरारी ५० वर्षांनी वरच्या गटात परतली आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं ले मान्स जिंकली. त्यातली शेवटची कारखान्याच्या अधिकृत जोडीनं नव्हे, तर खासगी नोंदणीच्या पिवळ्या गाडीनं. पोर्शेनं पुन्हा आपली गाडी खासगी संघांना विकली आणि इंग्लंडच्या जोटा संघानं २०२४ साली स्पाची शर्यत त्याच गाडीवर जिंकली. लगेच हुरळून जायला नको. लँबोर्गिनी एका हंगामातच बाहेर पडली, आणि पोर्शेनं २०२५ अखेर जागतिक मालिकेतून कारखान्याचा संघ काढून घ्यायचा निर्णय जाहीर केला. १९९२ फार लांब नाही, असं जुनी माणसं म्हणतात ते उगाच नव्हे.

तेव्हा बीस्टनच्या त्या छोट्या दोस्ताला सांगायचं ते एवढंच. आठव्या आलेल्याला पहिला नंबर देतात ती दया नव्हे. तो खालच्या गटात असतो म्हणून वरच्या गटाचं मैदान भरलेलं दिसतं. ज्या ज्या वर्षी त्याला ‘तुझी गरज नाही’ म्हटलं गेलं, त्या त्या वर्षी पुढच्या काही हंगामांत मोठेही घरी गेले. पुढच्या वेळी ट्रॅकवर गेलास की पुढच्या गाडीवर लक्ष ठेव, पण मधूनमधून मागेही बघ. मागच्या लढती बऱ्याचदा जास्त चुरशीच्या असतात.

जायचं असेल तर गाडी हवीच असं नाही. शहरातून विमानतळाकडे जाणारी स्कायलिंक बस तुम्हाला जवळ सोडते. कानात घालायला बोळे न्या, लहान मुलं असतील तर नक्कीच. डबा घरून घ्या. आणि क्रेनरच्या वळणांपाशी, उतारावर उभे राहा. तिथून गाड्या खाली झेपावताना दिसतात.

तुमच्यापैकी कुणी १९८९ किंवा १९९२ साली डॉनिंग्टनला प्रेक्षकांत असाल, किंवा घरात कुणी गाड्यांच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालं असेल, तर आम्हाला कळवा. तुमच्या आठवणी पुढच्या भागात वाचून दाखवायला आवडतील.

येतो मंडळी. काळजी घ्या.